काचेच्या दाराबाहेर

खानदेशात एखाद्या घरी दिवस भरण्यापूर्वीच मूल जन्मले, अथवा जन्मताच ते रडले नाही, आणि त्यास तालुक्याच्या गावाहून जळगावास किंवा धुळ्यास हलवावे लागले, म्हणजे आळीत एक वाक्य फिरू लागते : "बाळाला काचेत ठेवले आहे." यंत्राचे नाव कोणास ठाऊक नसते व त्याची कोणास गरजही वाटत नाही. ऐकणाराही पुढे फारसे विचारीत नाही. आजकाल पुष्कळ ठिकाणी ती काचेची बंद पेटी राहिलेली नाही. तिच्या जागी वरून ऊब देणारा उघडा पाळणा आला आहे. शब्द मात्र टिकून आहे, आणि आमच्या मते तो टिकला हे ठीकच झाले. कारण काच अजूनही आहे. ती बाळाभोवती नसेल, पण बाळ आणि त्याचे आईबाप यांच्या मध्ये, दाराला बसविलेली आहे. अतिदक्षता विभागात आत काय चालते याविषयी वैद्यांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या दाराच्या अलीकडे जी दोन माणसे बाकड्यावर बसलेली असतात त्यांच्या वाट्यास काय येते, आणि त्यांतले किती अटळ असते व किती नसते, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास. आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे आईबापांस नवे नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले, आणि त्याला योग्य उपचार मिळाले नाहीत या जाणिवेतूनच त्या पुढे वैद्यक शिकावयास अमेरिकेस गेल्या, हे सर्वांस माहीत आहे. त्या काळी मूल आईच्या मांडीवर जात असे. जवळ राहण्याचे दुःख होते. दूर ठेवले जाण्याचे नव्हते.

हे दुसरे दुःख नव्या वैद्यकाबरोबर आले. मौज अशी की ज्या वैद्यकाने दार बंद केले त्याचा जन्म मात्र उघड्या खोलीत, पुष्कळ माणसांच्या हातांनी झाला. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले रोज येत होती आणि श्वास देणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या ऑगस्ट महिन्यात ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने मरणाच्या दारी टेकलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात छिद्र करवून नळी घातली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबीत राहिले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अत्यवस्थ रोग्यांसाठी निराळा विभाग उघडला, आणि १९५५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे खास मुलांसाठी असा विभाग निघाला. पिशवी दाबणाऱ्या हाताची जागा आता व्हेंटिलेटरने घेतली आहे. परंतु या शास्त्राची पहिली खोली माणसांनी भरलेली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच सुमारास इंग्लंडात मुलांच्या साध्या वॉर्डांतसुद्धा आईबापांस आठवड्यातून एकदोनदा, तेही ठरल्या वेळी, भेटू देण्याचा रिवाज होता. आई भेटून गेली की मूल रडते, म्हणून आईच नको, असा तो विचार! १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातील आठ दिवस चित्रपटात टिपले, आणि न रडणारे मूल शांत नसून खचलेले असते हे डॉक्टरांना दाखविले. १९५९ साली तेथील सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांस मुलाजवळ येण्यास आडकाठी नसावी अशी शिफारस केली. आमच्याकडे असा अहवाल कोणास लिहावा लागला नाही. आमच्या सिव्हिलच्या वॉर्डात आई खाटेवर, बाप खाटेखाली आणि आजी व्हरांड्यात, ही व्यवस्था आपोआपच होती. ती कोणी उदार होऊन दिली नव्हती. माणसे कमी होती म्हणून ती चालू दिली गेली. पण होती. अतिदक्षता विभाग आला तेव्हा आपण त्याच्या यंत्रांबरोबर त्याचे बंद दारही आणले, आणि आपल्याजवळची ती एक बरी गोष्ट मात्र दाराबाहेर राहिली.

आता खानदेशाकडे वळू. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यास मिळतात. सुरत-नागपूर रस्ता पुढे जळगावावरून जातो. या दोन शहरांकडे सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचा मुलूख आजारी मुले घेऊन येतो. धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे. जळगावास ते २०१८ साली निघाले, आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यास २०२० साली मिळाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बालकांचे विशेष दक्षता कक्ष उघडत गेले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. राज्यात अशा ९३७ गाड्या तेव्हा उतरविल्या. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर येथून मूल शहरात पोहोचण्याची शक्यता पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली यात शंका नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून मात्र ही वाट आजही मुलाच्या आजाराइतकीच अवघड ठरू शकते.

आजारांनाही येथे हंगाम आहेत. उन्हाळा तापला आणि पहिले पाऊस पडू लागले की विंचू व साप. लाल विंचवाच्या दंशाने मुलाचे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. यावर रक्तदाबाचे प्राझोसिन हे स्वस्त औषध चालते, असे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले, आणि तेव्हापासून हा दंश पूर्वीइतका जीवघेणा राहिलेला नाही. कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषधाच्या बाटलीला तोंड लावलेली मुले येतात. श्रावण-भाद्रपदापासून डेंगी, थंडीत तान्ह्यांचा दमा आणि न्यूमोनिया. नवजात मुलांस हंगाम नाही. अपुऱ्या दिवसांचे बाळ केव्हाही येते.

या नवजातांच्या बाबतीत एक गोष्ट शहरातील लोकांच्या लक्षात येत नाही. दक्षता कक्षाच्या दोन खोल्या असतात : एक त्याच रुग्णालयात जन्मलेल्यांची, दुसरी बाहेरून आलेल्यांची. या दुसऱ्या खोलीबाहेर तुम्हांस बहुतेक बाप दिसेल, किंवा मामा, किंवा आजी. आई नसते. ती चोपड्यास किंवा साक्रीस, कदाचित सिझेरियनचे टाके घेऊन, रिकाम्या पाळण्याशेजारी पडलेली असते. मूल गाडीत घालून नेले ते तिने ओझरते पाहिलेले असते. तिच्या छातीत दूध दाटते आणि पिणारे दूर शहरात! बापाला आत जाऊन काय पाहावे ते कळत नाही, आणि फोनवर बायकोला काय सांगावे तेही कळत नाही. "बरे आहे" असे तो सांगतो, आणि ती ते खोटे धरते. अशा वेळी आईला शक्य तितक्या लवकर मुलाजवळ आणणे हा उपचाराचाच भाग समजावा, असे आम्हांस वाटते. तोवर तिचे काढलेले दूध, विशेषतः पहिल्या दिवसांचा चीक, स्वच्छ वाटीतून आणि शक्य तितके थंड ठेवून आणता येते का हे सिस्टरांस विचारावे. तो थेंबाथेंबाने नळीवाटेही देता येतो, आणि आतड्याचे जे दुखणे अशा मुलांना गाठते त्यापासून त्याचा बचाव करतो.

आता दाराच्या आत काय दिसते ते सांगू. कारण पहिल्या भेटीचा धक्का अर्धा अज्ञानाचा असतो, आणि तेवढा तरी कमी करता येतो.

मूल उघडे असते. थंडी वाजत असेल म्हणून आई पदर पुढे करते. पण वरच्या तापकाची ऊब त्याच्या अंगाला थेट लागावी आणि श्वासाची हालचाल दिसावी म्हणून ते उघडे ठेवलेले असते. तोंडात किंवा नाकात नळी असते. श्वासनळीतील नळी स्वरयंत्रातून जाते, म्हणून मूल रडत असले तरी आवाज येत नाही. चेहरा वेडावाकडा होतो आणि शब्द नाही, हे दृश्य आईबाप जन्मभर विसरत नाहीत. आवाज गेला असे त्यांना वाटते. तो गेलेला नसतो. नळी काढल्यावर काही दिवस घोगरा राहून सहसा परत येतो. हात बांधलेले असले तर ते मुलाने नळी ओढू नये म्हणून. डोळे मिटलेले, हाक मारूनही हलत नाही, हे पुष्कळदा गुंगीच्या औषधाने असते, आजाराने नव्हे. ते औषधाने आहे की आजाराने हा प्रश्न बेलाशक विचारावा. तोंड सुजलेले असते, ते रक्तवाहिन्यांतून झिरपलेल्या पाण्यामुळे. डेंगीत हे विशेष दिसते, आणि मूल सुधारू लागले की लघवीवाटे उतरते.

उशाशी मॉनिटर असतो. सगळ्या नजरा त्याच्यावर खिळतात. वरचा हिरवा आकडा बहुधा हृदयाच्या ठोक्यांचा. नवजात मुलाचा तो १२० ते १६० असला तर घाबरू नये, ती त्याची स्वाभाविक गती आहे. दुसरा आकडा रक्तातील प्राणवायूचा. बोटाला किंवा पावलाला लावलेला लाल दिव्याचा चिमटा तो मोजतो. मुलाने पाय हलविला, चिमटा सरकला किंवा पाऊल गार पडले की आकडा एकदम कोसळतो आणि यंत्र ओरडू लागते. सिस्टर येते, पाय धरते, बटण दाबते, निघून जाते. बापाला वाटते हिला काळजी नाही. वास्तविक तिने आल्याबरोबर मुलाचा रंग पाहिलेला असतो, यंत्राचा नव्हे. दिवस न भरलेल्या मुलाच्या बाबतीत तो आकडा मुद्दामच शंभरावर नेत नाहीत; जादा प्राणवायूने डोळ्याच्या पडद्यास इजा होते. ही एक गोष्ट न सांगितल्यामुळे "प्राणवायू कमी देतात" अशी तक्रार किती ठिकाणी झाली असेल! आम्ही तर म्हणू की आकड्यांकडे थोडे पाहावे आणि मुलाकडे पुष्कळ.

पाण्यात बुडबुडे काढणारी एक बाटली दिसली तर तीही समजून घ्यावी. बाळाच्या नाकात सौम्य दाबाने हवा सोडतात आणि तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवून ठेवतात. त्या दाबाने बाळाचे फुप्फुस मिटत नाही. इतके साधे साधन आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांस मुलगा झाला, साडेपाच आठवडे अगोदर, वजनाने दोन किलोहून थोडा अधिक. त्याचे फुप्फुस फुलेना. देशातील उत्तम डॉक्टर, बोस्टनमधील उत्तम रुग्णालय, सगळे हात जोडून उभे होते. मूल ३९ तासांनी गेले. जगातील सर्वांत बलाढ्य समजला जाणारा माणूस त्या रात्री रुग्णालयात एक बाप म्हणून थांबला होता. फुप्फुस मिटण्यास कोणत्या द्रव्याची उणीव कारण आहे, हे मेरी एलेन एव्हरी यांनी १९५९ सालीच दाखविले होते. पण ते द्रव्य बाहेरून देऊन मुले वाचतात हे जपानच्या फुजिवारा यांनी सिद्ध करावयास १९८० साल उजाडले. आज त्या वजनाचे व त्या दिवसांचे मूल जिल्ह्याच्या चांगल्या कक्षातही बहुधा वाचते. ज्या बाकड्यावर आपण बसतो ते केनेडींना मिळालेल्या बाकड्याहून अधिक आशेचे आहे.

बाकड्याविषयी आम्ही ऐकीव बोलत नाही. आमचा मुलगा चौदा महिन्यांचा असताना न्यूमोनियाने धुळ्यातील एका रुग्णालयात नऊ दिवस होता, त्यांतले चार व्हेंटिलेटरवर. बाकड्यावरचे जग निराळेच असते. तेथे नाव विचारीत नाहीत. साक्रीकडची एक बाई शेजारी येऊन बसली आणि तिने सरळ विचारले, "तुमना पोऱ्या कसा शे?" आम्ही म्हणालो, "तसाच आहे." ती म्हणाली, "मना बी तसाच शे," आणि डब्यातली अर्धी भाकर काढून दिली. कोणाचे मूल आत अधिक आजारी आहे याची तेथे सगळ्यांस बारीक माहिती असते. एखाद्याचे मूल वॉर्डात गेले की त्याला आनंद दाखविण्याची लाज वाटते. रात्री तीनला दार उघडले आणि "अमक्याचे नातेवाईक" अशी हाक आली, की आपले नाव नाही म्हणून हायसे वाटते, आणि पुढच्याच क्षणी त्या हायसे वाटण्याचाच विटाळ वाटतो. आमच्या समजुतीप्रमाणे हा कोणाचाही दुष्टपणा नव्हे.

डॉक्टर दिवसातून एकदोनदा बाहेर येतात आणि दोनतीन वाक्ये बोलतात. ती वाक्ये मग दिवसभर उलटीसुलटी केली जातात. त्यांतील काहींचा अर्थ सांगून ठेवणे उपयोगी पडेल. "प्रकृती स्थिर आहे" याचा अर्थ सुधारणा आहे असा नाही. गेल्या काही तासांत बिघडली नाही एवढाच. "गंभीर पण स्थिर" यात विरोध नाही. "चोवीस तास महत्त्वाचे" म्हणजे पंचविसाव्या तासाला निकाल लागतो असे नव्हे. औषध लागू पडते की नाही हे दिसावयास तेवढा वेळ जातो, आणि मग पुष्कळदा पुन्हा चोवीस तास सांगितले जातात. "सांगता येत नाही" हे उत्तर नातेवाइकांस टाळाटाळीचे वाटते. अनुभवाने आम्हांस तेच सर्वांत प्रामाणिक वाटू लागले. नेमकी शंभरातली शक्यता मागू नये, कारण आपले मूल शंभर नसते. त्यापेक्षा "काल आणि आज यांत फरक काय? उद्यापर्यंत आपण कशाची वाट पाहत आहोत?" असे विचारावे. यास बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात. प्रश्न वहीत लिहून न्यावेत. डॉक्टर समोर आले की लिहिलेलेच आठवतात. आणि ऐकावयास घरच्या दोघांनी जावे, दहांनी जाऊ नये. दहाजणांनी ऐकलेल्या एका वाक्याची गावी पोहोचेपर्यंत दहा वाक्ये होतात.

या नऊ दिवसांत आम्हांस सर्वांत जड काय गेले असेल तर ते भय नव्हे. भयाची सवय होते, असे म्हणणे विचित्र वाटेल, पण होते. जड गेले ते रिकामपण. ज्या मुलाचे नाक पुसणे, घास भरविणे, निजविणे हीच दिवसभराची कामे होती, त्याच्यासाठी करावयास काहीही उरले नाही. पावती भरणे आणि औषधाची पिशवी दारातून आत देणे, एवढेच. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरांनी कोमट पाणी व कापूस दिला आणि मुलाचे ओठ पुसावयास सांगितले. पाच मिनिटांचे काम. घरातील मंडळींस त्या संध्याकाळी प्रथमच जेवण गेले.

पुढे वाचताना कळले की हे केवळ मनाचे समाधान नाही. १९७९ साली एस्टोनियातील टॅलिन येथे आदिक लेव्हिन या डॉक्टरांस परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून त्यांनी आयांनाच कक्षात घेतले व मुलांची बहुतेक शुश्रूषा त्यांच्यावर सोपविली. त्याच सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या कमी पडल्या, म्हणून एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधावयास आरंभ केला. दोन्ही ठिकाणी गरज होती गरिबीची, आणि हाती लागले शास्त्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत, त्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, १ किलो ते १.८ किलोच्या आतील ३,२११ बाळांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मूल सावरेपर्यंत वाट न पाहता जन्मल्यापासूनच त्यास आईच्या छातीशी ठेवले, तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शंभरी १५.७ वरून १२ वर आले. नवे औषध असे निघते तर त्याची केवढी जाहिरात झाली असती! दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांस हात धुण्यापासून शिकवून नवजात कक्षात कामास घेण्याचा प्रयोग झाला होता, आणि त्याच्या आधारे २०१७ साली केंद्र सरकारने सर्व नवजात कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे दार उघडण्याची परवानगी कागदोपत्री केव्हाच मिळालेली आहे.

दार बंद ठेवण्याचे कारण नेहमी जंतुसंसर्ग हे सांगतात. ते खोटे नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळास साधी सर्दीसुद्धा नेऊ शकते. पण हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेली, अंगावर स्वच्छ गाऊन घातलेली, खोकला नसलेली एक आई ही दहा पाहुण्यांसारखी नव्हे. पाहुणे थांबवावेतच. आईबाप हे पाहुणे नाहीत, एवढाच आमचा आग्रह आहे. यात आपल्या लोकांचीही चूक आहे. एका मुलामागे गाडी भरून माणसे येतात, दारात गर्दी करतात, आणि काही विपरीत घडले की काचेवर दगड पडतो. ज्या कक्षाने असा एक दगड पाहिला आहे तो पुढची दहा वर्षे दार उघडीत नाही. आजीने आणलेला अंगारा, मनुदेवीचा किंवा सप्तशृंगीचा दोरा, यावरूनही खटके उडतात. दोरा पाळण्याच्या पायथ्याशी बांधू द्यावयास बहुतेक सिस्टर तयार असतात. अंगारा तोंडात घालू नये, एवढे घरच्यांनी ऐकले म्हणजे झाले.

दाराशी आपण मूल सोपवितो म्हणजे काय करतो, याचे भान महाराष्ट्रास ९ जानेवारी २०२१ रोजी फार भयंकर रीतीने आले. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षास रात्री आग लागली. सात बाळांस बाहेर काढता आले, दहा गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. कक्षात रात्री किती माणसे जागी असतात, बाहेर जाण्याची दुसरी वाट कोठे आहे, हे विचारण्याचा आईबापांस हक्क आहे, आणि ते विचारले म्हणून कोणी रागावू नये.

पैशाचे थोडक्यात. जन्मापासून ३० दिवसांपर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी सरकारी रुग्णालयात मोफत आहे. ही योजना १ जून २०११ पासूनची, आणि २०१४ साली तिची मुदत एक वर्षाच्या वयापर्यंत वाढविली. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली पहिल्याने ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत धुळे होते. जळगावास ती पुढच्या वर्षी मिळाली. तिचेच नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२३ साली तिची मर्यादा कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा व सर्वांस तीत घेण्याचा निर्णय झाला. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. मूल दाखल झाल्याबरोबर, पहिली पावती फाडण्यापूर्वीच, त्याला गाठावे. शिधापत्रिका घरी राहिली असेल तर फोटो मागवावा. हे सांगावयाचे कारण असे की "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" या कागदावर ज्या सह्या होतात, त्यांतल्या कितीतरी आशा सुटली म्हणून होत नाहीत. शेत गहाण पडले म्हणून होतात. सही करण्यापूर्वी सरकारी कक्षात खाट आहे का, एवढे तरी डॉक्टरांनाच फोन करून विचारावयास सांगावे.

काही मुले परत येत नाहीत. त्या वेळी नळ्या काढून मूल आईच्या हाती द्यावे, तिला पडद्याआड बसू द्यावे, घाई करू नये. यासाठी यंत्र लागत नाही, आणि ज्या कक्षात हे करतात त्याला आईबाप पुढे नावे ठेवीत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे. ज्यांना तेवढेही मिळाले नाही ते मुलाच्या मरणापेक्षा त्या शेवटच्या अर्ध्या तासाविषयीच अधिक बोलतात.

आणि जी मुले घरी येतात त्यांचे आईबापही एकदम घरी पोहोचत नाहीत. महिनोन् महिने रात्री उठून मुलाच्या नाकापुढे बोट धरणे, पाळण्याच्या करकरीने दचकणे, त्या रस्त्याने जाणे टाळणे, हे पुष्कळांस होते. मुलांच्या अतिदक्षतेनंतर साऱ्या कुटुंबावर उरणाऱ्या या परिणामांस संशोधकांनी २०१८ साली नाव देऊन त्यांची मांडणी केली. घरी राहिलेले मोठे भावंड या दिवसांत आजोळी पाठविलेले असते, आणि आपल्याला का पाठविले हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तेही सांगावे लागते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे मात्र जन्मल्यापासून तिसाव्या दिवसाच्या आत तपासून घ्यावे लागतात, मूल कितीही गुटगुटीत दिसू लागले तरी. पडद्याचा बिघाड बाहेरून दिसत नाही, आणि वेळ गेली तर दृष्टी परत येत नाही. ऐकू येते का याचीही तपासणी करावी. कक्षातून सुटल्यावर गावची आशा घरी येते. गडचिरोलीस डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजातांची घरी काळजी घेण्याची जी रीत बसविली, तिच्यावरूनच ही भेट देशभर सुरू झाली. आशाच्या पिशवीत वजनकाटा व तापमापी असते. तिला दारातून परत न लावता आत बोलवावे, मूल झोळीत घालून काट्याला लावू द्यावे, आणि कक्षातून मिळालेला कागद तिला दाखवावा. पुढची तारीख त्यावरच लिहिलेली असते.